किंचित गळती

टप्.

सुनेने इस्त्री उभी केली आणि कान टवकारले. भर दुपार होती. गोटी नुकतीच झोपली होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि घरात अशी शांतता होती की ती जरा जपूनच वापरावी. सोमवारी कामावर घालायच्या शर्टाची एक बाही झाली होती. दुसरी तिने सरळ करून पसरली.

टप्.

आवाज स्वयंपाकघरातून येत होता. नळ गळत होता.

दुसऱ्या कुठल्या घरात नळ गळला असता तर त्याची बातमी झाली नसती. पण हे घर तिच्या सासऱ्यांचं होतं, आणि सासरे उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर ऑपरेटर होते. ती लग्न होऊन आल्यापासून इथला एकही नळ कधी ठिबकला नव्हता. नळाच्या मनात गळायचं येण्याआधीच बाबा त्याचं वायसर बदलून मोकळे होत. पाहुणे म्हणून कुठे गेले तरी आधी यजमानांच्या बाथरूममध्ये शिरत, घामाघूम होऊन बाहेर येत, "आता बरीच वर्षं बघायला नको" असं जाहीर करत आणि मगच चहाला हात लावत. अशा माणसाच्या घरात नळ गळत होता. आणि तो माणूस त्या नळासमोरच खुर्ची टाकून, मांडीवर हात ठेवून, त्याच्याकडे बघत बसला होता.

"बाबा, नळ गळतोय."

"ऐकतोय मी."

"मग?"

"मग काय, सूनबाई," बाबा म्हणाले, "ज्याचा स्वतःचा व्हॉल्व्ह गळतो, त्याने कुठल्या तोंडाने नळाला पाना लावायचा?"

सुनेने आत जाऊन इस्त्रीचं बटण बंद केलं. हे काही इस्त्री करता करता ऐकण्यासारखं राहिलं नव्हतं.

तसं बघायला गेलं तर या सगळ्याला तीच कारणीभूत होती. गोटी होईपर्यंत ती चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढायची. "आता बरं दिसतंय, की आता?" हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की लग्नासाठी मुलगा बघतानाही तिने मनातल्या मनात तेच विचारलं होतं. गोटी झाल्यावर ती घरी बसली. दुकानाच्या मालकीणबाईंनी तिची जागा कशीबशी धरून ठेवली होती, पण आता त्यांचाही धीर सुटला होता. "सोमवारी ये, नाहीतर येऊच नको," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "दोन्हींपैकी काहीही कर, पण सोमवारी कर."

सोमवारपासून दिवसभर गोटीला बाबांनी सांभाळायचं, असं ठरलं. बाबा त्याला 'चार्ज घेणं' म्हणत. पंपहाउसचा तो नियमच होता. बदलीवाला येऊन चार्ज घेत नाही तोवर चालू पाळीच्या ऑपरेटरने खुर्ची सोडायची नाही, मग घरी आग का लागेना. तेव्हा सून ही चालू पाळीची ऑपरेटर, बाबा तिचे बदलीवाले आणि गोटी हा पंप. गोटीला ही व्यवस्था एकदम पसंत पडली होती. तिच्या झोपायच्या सदऱ्याला एक हिरवं बटण होतं. सकाळी आजोबांनी येऊन ते दाबल्याशिवाय ती डोळेच उघडायची नाही. ते दाबलं, की "धडधडधड" करत घरभर सुटायची.

"पंप आपोआप चालू होत नसतो, गोटे," आजोबा तिला समजावत. "कोणीतरी बटण दाबावं लागतं."

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एकदा गोटीच्या मागून जिना चढताना बाबा मधेच थांबले. "काही नाही, दम खातोय," ते म्हणाले आणि पुढच्या क्षणी चढलेही. पण सुनेच्या मनात तो दम अडकून बसला. दिवसभर घरात ही दोघंच असणार, आणि गोटीचा हात अजून कडीपर्यंत पोचत नाही. एवढाच विचार तिने केला, आणि बाबांच्या मागे लागली. हृदयाची सोनोग्राफी करून घेऊ, ते इको की काय म्हणतात ते. दुखत-खुपत काही नाही. एकदा बघितलं की मी निर्धास्त.

बाबांनी एकच अट घातली. आधी मुलाने टेबलावर झोपून दाखवायचं. नवरा बिचारा बापाला सोबत म्हणून गेला होता, तो स्वतःच्या छातीवर थंडगार जेल फासून घेऊन परत आला.

बुधवारी दोघांचे रिपोर्ट हातात पडले. मोठ्या डॉक्टरीणबाई शनिवारी भेटणार होत्या. "तोवर वाचत बसू नका," टेक्निशियन म्हणाला. हे त्याने म्हणायला नको होतं.

घरी येताच नवऱ्याने रिपोर्ट उघडला आणि त्याचा चेहरा उतरला. "इजेक्शन फ्रॅक्शन बासष्ट टक्के. बाबा, फक्त बासष्ट!"

"फक्त काय? शंभर टक्के देतो म्हणणारा पंप मी उभ्या नोकरीत पाहिला नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "पाहिले ते विकणारे पाहिले. बासष्ट म्हणजे झकास पंप. तुझे किती?"

नवऱ्याने स्वतःचा रिपोर्ट बघितला. "अठ्ठावन्न."

सुनेने फोनवर शोधून सांगितलं, की हृदय एका ठोक्यात आतलं किती रक्त बाहेर ढकलतं त्याचा हा हिशेब, पंचावन्नच्या वर म्हणजे छानच, दोघंही उत्तम आहेत. नवऱ्याने मान डोलावली. तरीही जेवताना तो एकदा म्हणालाच, "ते टेबल जरा तिरकं होतं."

प्रकरण इथेच मिटलं असतं. पण बाबांना काहीही शेवटपर्यंत वाचायची सवय. भिंग घेऊन ओळीओळीने खाली सरकत ते एका ठिकाणी थांबले.

"मायट्रल व्हॉल्व्ह. ट्रिव्हियल रिगर्जिटेशन. हे काय असतं रे?"

"काही नाही हो. झडपेतून किंचित रक्त मागे येतं. नगण्य, असं लिहिलंय."

बाबांनी भिंग खाली ठेवलं. "मागे येतं?"

पंपहाउसमध्ये याहून वाईट शब्द नव्हता. पंपाच्या तोंडाशी एक झडप असते. पाणी पुढे जाऊ द्यायचं, मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. ती गळायला लागली आणि पंप क्षणभर जरी थांबला, तर टेकडीवरच्या टाकीपर्यंत चढवलेलं सगळं पाणी घरंगळत मागे येतं आणि पंपाला उलटा फिरवतं. बाबांनी असा उलटा फिरलेला पंप पाहिला होता. त्याचं वर्णन ते लहान मुलांसमोर करत नसत.

"मी ऐकला होता आवाज," ते पुटपुटले. "त्या मशीनवर. छप, छप, आणि मधेच बारीक सूं. मला वाटलं, मशीनचाच आहे. मशीनची सर्व्हिसिंग करा म्हणून मी त्या पोराला सांगूनसुद्धा आलो." मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. "तुझ्यात काय लिहिलंय?"

"रिगर्जिटेशन नाही."

"थेंबभर पण नाही?"

"नाही."

"व्वा. घट्ट आहे तुझा व्हॉल्व्ह," बाबा म्हणाले. त्यात बापाचा अभिमान होता आणि ऑपरेटरचा हेवाही.

आणि गुरुवारी दुपारी नळ गळत होता.

"बाबा, शनिवारी डॉक्टर सांगतीलच की," सून त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसली.

"सांगू देत. पण तुला आजच सांगितलेलं बरं. सोमवारचा चार्ज मला घेता येणार नाही."

"अहो, असं काय करता!"

"झडप गळत असलेल्या पंपाच्या भरवशावर वस्तीचं पाणी ठेवत नाहीत, पोरी. आणि ही तर गोटी आहे."

अर्धी इस्त्री झालेला शर्ट तिने तसाच घडी करून ठेवला.

त्या संध्याकाळपासून बाबांनी उपाययोजना सुरू केली. पहिली गोष्ट, पंप थांबता कामा नये. म्हणून दुपारची झोप बंद. बसल्या बसल्या डुलकी लागायला आली की ते दचकून उठत आणि खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत. दुसरी गोष्ट, पंपावरचा भार कमी करायचा. त्यासाठी पुढचा व्हॉल्व्ह थोडा आवळतात, म्हणून त्यांनी दोन्ही पोटऱ्यांना ताणपट्ट्या गुंडाळल्या. तिसरी गोष्ट उंचीची. जितकं उंच पाणी चढवायचं तितकी पंपाची दमछाक, आणि डोकं हे हृदयाच्या वर असतं हे तर कोणालाही मान्य व्हावं. तेव्हा बाबा कमरेत वाकून, डोकं छातीच्या पातळीला आणून चालू लागले.

त्यांच्या मागून गोटीही वाकून चालू लागली. आजोबा खिडकीशी जाऊन वळले की ती खिडकीशी जाऊन वळे.

"गोटे, तू का गं वाकलीस?" सुनेने विचारलं.

"आमचं पाणी वर चढत नाहीये," गोटी म्हणाली.

चौथी गोष्ट म्हणजे नोंदी. पंपहाउसमध्ये दर तासाला काटा बघून आकडा मांडायचा असतो. बाबा मनगटावर बोट ठेवून नाडी मोजत आणि स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने आकडा लिहीत. त्यांचं झालं की गोटी स्वतःचं मनगट धरून गंभीरपणे पुटपुटे आणि त्याच्याच खाली आपला आकडा काढे. तिला चारच लिहिता येत होता.

शुक्रवारी सकाळी नणंदेचा व्हिडिओ फोन आला, तो गोटीने उचलला आणि "आत्या, बघ आम्ही कसे चालतो" म्हणून आजोबांच्या मागे धरून फिरवला. नणंदेला पडद्यावर काय दिसलं असेल ते असेल. पहिल्या बसने निघून दुपारी ती दारात हजर.

"वहिनी, हे काय होऊन बसलंय? मला एका शब्दानं कळवायचं नाही?"

"ताई, कळवण्यासारखं काही असतं तर..."

पण नणंद पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली होती आणि दारामागे बघत उभी होती.

"चौऱ्याहत्तर. शहात्तर. चार. बहात्तर. चार. चार." तिने वळून पाहिलं. "चार? वहिनी, नाडी चारवर गेली होती? दोनदा लागोपाठ?"

"अहो ताई, ते गोटीचे..."

"गोटीचीही?"

सुनेने वाक्य पूर्ण करेपर्यंत रुग्णवाहिका बोलावून झाली होती. ती आलीही लगेच. एरवी येत नाही, पण तेव्हा ती गल्लीच्या तोंडाशीच चहासाठी थांबली होती. दोघे जण स्ट्रेचर घेऊन वर आले, तेव्हा बाबा वाकून येरझाऱ्या घालत होते.

"झोपा आजोबा इथं."

"चालू पंप आडवा करत नाहीत," बाबा म्हणाले आणि वळून खिडकीकडे निघाले.

त्या दोघांतल्या मोठ्याने त्यांच्यासोबत वाकून एक फेरी मारली आणि चालता चालताच नाडी मोजली. चौऱ्याहत्तर होती. मग त्याने दारामागचे आकडे पाहिले. "ही चार कोणाची?" त्याने विचारलं. गोटीने हात वर केला. त्याने तिचीही नाडी बघितली, "पेशंट तंदुरुस्त" म्हणाला आणि रिकामं स्ट्रेचर घेऊन दोघे उतरले.

घरासमोर रुग्णवाहिका उभी राहिली की ती नुसती घरासमोर उभी राहत नाही. संध्याकाळी मालकीणबाईंचा फोन आला.

"तुझ्या सासऱ्यांना उचलून नेलं म्हणे?"

"नाही हो बाई, घरीच आहेत. चालतायत."

"ते चालू देत. सोमवारी तू येतेयस का? एक मुलगी विचारून गेलीय. तिला मूलबाळ काही नाही, सासराही नाही."

सुनेने डोळे मिटले. "येतेय," ती म्हणाली. कशाच्या जोरावर म्हणाली ते तिलाच ठाऊक नव्हतं.

आता सगळी भिस्त शनिवारवर होती. डॉक्टरीणबाई तरण्याताठ्या, हसऱ्या होत्या. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि मान वर केली. समोर बाबा वाकून बसले होते.

"आजोबा, तुमचं हृदय ठणठणीत आहे."

"आणि गळती?"

"ती नावापुरती. झडप मांसाची आहे, दिवसात लाखभर वेळा मिटते. त्यात कणभर मागे येतंच. धडधाकट माणसांतही दिसतं. मशीन जरा जुनं असतं ना, तर हे दिसलंही नसतं."

"म्हणजे जुन्या मशीनवर मी बरा होतो," बाबा म्हणाले.

"नव्यावरही बरे आहात! आणि दम म्हणाल, तर नातीच्या मागे जिना चढलं की मलाही लागेल. चाला, फिरा, ताठ उभे राहा. पण हे पायाला काय गुंडाळलंय?"

"पुढचा व्हॉल्व्ह थोडा आवळलाय."

डॉक्टरीणबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे पाहिलं. "ते काढून टाका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "परत यायची गरज नाही."

सुनेच्या जिवात जीव आला. पण तो तिथे फार वेळ टिकला नाही. कारण त्याच वेळी डॉक्टरीणबाईंच्या मागच्या बेसिनमध्ये आवाज झाला. टप्. बाबांनी हळूच तिकडे पाहिलं. टप्. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, आणि बाबांच्या नजरेतला सगळा विश्वास त्या बेसिनच्या भोकातून वाहून गेलेला सुनेला स्पष्ट दिसला.

"मुलगी गोड आहे," बाहेर पडताना बाबा म्हणाले. "पण जिला पाठीमागचा नळ ऐकू येत नाही, ती माझ्या गळतीला 'नावापुरती' म्हणणारच. तिचा काय दोष?"

घरी पोचल्यावर नणंदेने सगळं ऐकून घेतलं आणि तोडगा काढला. "वहिनी, तू जा कामावर. बाबा राहू देत असेच वाकलेले, गोटीला मी घेऊन जाते. महिनाभर राहील माझ्याकडे. उद्या संध्याकाळच्या बसने निघू आम्ही."

तोडग्यात चूक काहीच नव्हती. सून फक्त "बघू" म्हणाली आणि गोटीच्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली. घड्या घालून झाल्यावर तिने त्या उलगडल्या आणि पुन्हा घातल्या. महिनाभर ते हिरवं बटण दुसऱ्याच घरात कोणीतरी दाबणार होतं. त्यापेक्षा नकोच ती नोकरी. तिथे सगळ्यांना स्पष्ट दिसायला लावायचं आणि इथे आपल्याला आपलं पोर दिसू नये!

रविवारी सकाळी तिने मालकीणबाईंना फोन करायला फोन हातात घेतला, तेवढ्यात स्वयंपाकघरातून कर्रर्र असा आवाज आला.

नवरा पाना घेऊन नळाशी उभा होता. तीन दिवस ते टप्‌टप् ऐकून त्याचं डोकं उठलं होतं, आणि बापाने सोडलेला किल्ला आपण लढवावा असं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्याने नळ सर्व शक्तीनिशी आवळला होता. टप्‌टप् थांबलं होतं. पाणीही थांबलं होतं. नळ आता कोणत्याच दिशेला फिरत नव्हता.

"थांबली की नाही गळती?" नवरा म्हणाला.

बाबा खिडकीकडून वाकलेलेच आले. त्यांनी नळ फिरवून बघितला. त्यांचा चेहरा लाल झाला.

"अरे, असं आवळतात? गळती थांबवायची म्हणून जीव जाईपर्यंत आवळायचं? आमच्या दुसऱ्या पाळीचा तो टापटिपीवाला तरी काय वेगळा होता!"

टापटिपीवाल्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. तरी बाबा ती सांगू लागले, कारण गोष्ट सुरू केली की ती शेवटापर्यंत नेल्याशिवाय त्यांना राहवत नसे. टापटिपीवाला हा दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर. त्याला जमिनीवर ओल खपायची नाही. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो, तिथे दोरी ठासून भरलेली असते, तिला म्हणायचं ग्लँड. तिथून थेंब थेंब पाणी ठिबकत असतं. टापटिपीवाल्याने एक दिवस तिचे नट आवळून आवळून ती ठणठणीत कोरडी केली, फडक्याने जमीन पुसली आणि खुर्चीत बसला.

"आणि संध्याकाळी धूर!" बाबा गरजले. "दांडा तापून निळा पडला! अरे, तो थेंबच त्याला गार ठेवतो. ठिबकणारी ग्लँड ही निरोगी ग्लँड. कोरडी ग्लँड बघितली की शहाण्या ऑपरेटरच्या पोटात गोळा यायला हवा!"

मालकीणबाईंना लावलेला फोन हातात धरूनच सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पलीकडे घंटी वाजायला लागली होती. तिने तो बंद केला.

"बाबा," ती म्हणाली, "म्हणजे थोडं गळणं चांगलं?"

"ग्लँडचं. व्हॉल्व्हचं नाही."

"ते कोणी ठरवलं?"

"कोणी म्हणजे? बनवणाऱ्याने. कंपनीने. कुठे किती गळावं हे पंपासोबतच लिहून येतं."

"तुमच्या छातीतल्या पंपासोबत काय लिहून आलं होतं?"

बाबांनी सदऱ्याचा खिसा चाचपला, जणू तो कागद तिथेच असावा.

"लोखंडी पंपाचा कायदा तुम्ही मांसाच्या पंपाला लावताय," सून पुढे सरकली. आता तिला नंबर काढायच्या खोलीत असल्यासारखं वाटत होतं. एक भिंग काढायचं, दुसरं घालायचं. "मी इतकी वर्षं डोळे तपासले, बाबा. नीट बघायला गेलं तर शून्य नंबर क्वचितच निघतो. पाव इकडे, पाव तिकडे असतंच. आम्ही काही त्यांना चष्मा देत नाही. घरी पाठवतो. ते डोळे बिघडलेले नसतात हो, बनवलेलेच तसे असतात. आता सांगा, त्या झडपेतून एक थेंब मागे यावा असं बनवणाऱ्यानेच ठेवलं असेल तर?"

बाबा नळाकडे बघत राहिले. पंपहाउसवर असताना एखादा पंप वेगळाच आवाज करू लागला की ते स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याला टेकवून मूठ कानाला लावत आणि कितीतरी वेळ हलत नसत. तसेच ते आता उभे होते.

"म्हणजे," शेवटी ते हळूच म्हणाले, "हा बिघाड नाही. ही तरतूद आहे."

"तरतूद," सून म्हणाली.

बाबा ताठ उभे राहिले. गोटीही ताठ उभी राहिली. तीन दिवसांनी सरळ होताना त्यांच्या पाठीतून जो आवाज आला, तो रिपोर्टमध्ये कुठेच नव्हता. त्यांनी खाली बसून पोटऱ्यांच्या पट्ट्या सोडल्या, मुलाच्या हातातून पाना काढून घेतला आणि जेवणाच्या आत नळ नवा करून टाकला. वायसर बदललं, आटे साफ केले. मग मुद्दाम थोडा ढिला ठेवून एक थेंब पडू दिला, त्याच्याकडे मायेने पाहिलं आणि मग बंद केला.

"ताई, गोटीची बॅग रिकामी करते मी," सून म्हणाली.

एवढ्यावर भागलं असतं. पण हात पुसता पुसता बाबांची नजर मुलावर गेली आणि तिथेच थांबली.

"तुझ्या रिपोर्टात काय होतं म्हणालास?"

"माझ्या? काही नाही. रिगर्जिटेशन नाही."

"थेंबभर पण नाही."

"नाही."

"कोरडी," बाबा पुटपुटले. त्यांनी नणंदेकडे पाहिलं. नणंदेने भावाकडे पाहिलं. "आणि वर अठ्ठावन्न."

"बाबा, अहो, ते नॉर्मल..."

"तू बस आधी. बोलू नको. गोटे, तुझ्या बाबांना पाण्याचा पेला आण."

संध्याकाळच्या बसने नणंद एकटीच निघाली, तेव्हा तिला सोडायला भाऊ खाली उतरला नाही. त्याला जिना मना होता. दोन्ही पोटऱ्यांना ताणपट्ट्या गुंडाळून तो आरामखुर्चीत बसला होता आणि दर तासाला त्याचं मनगट बाबांच्या हातात जात होतं. तो चांगलाच वैतागला होता. पण बायकोने कानाशी वाकून "सोमवार होऊ दे रे फक्त" म्हटल्यावर त्याने मुकाट्याने दुसरा हात पुढे केला.

सोमवारी सकाळी सून शर्ट घालून, पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहिली. एक बाही कडक होती, दुसरीला इस्त्री करायची राहूनच गेली होती. बाबा दाढी करून, ताठ, खुर्चीत बसले होते.

"चार्ज दिला," ती म्हणाली.

"चार्ज घेतला," बाबा म्हणाले. "निघ आता. पाळीची वेळ झाली."

ती वाकून गोटीच्या सदऱ्याची कॉलर नीट करायला लागली. ती नीटच होती. गोटीने तिच्या मांडीला मिठी घातली आणि मान वर केली.

"आई, माझा ऑपरेटर आजोबा ना?"

"हो."

"आणि आजोबांच्या पंपाचं बटण कोणी दाबलं?"

"ते... खूप आधी दाबलंय, राणी. आजोबा छोटे होते ना, तेव्हाच."

"मग तो अजून तिथेच बसलाय खुर्चीत?"

"बसलाय की."

गोटीने आजोबांकडे पाहिलं. आजोबा खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखे बघत होते. मग तिने आईचा शर्ट ओढून तिला आणखी खाली वाकवलं आणि आजोबांना ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं,

"त्याचा बदलीवाला आलाच नाही, तर त्याला खुर्ची सोडता येणार नाही ना, आई?"